नावानं हाक मारलेली मेथड

(बीड जिल्ह्यात संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्यातली रूपं शक्यतो तशीच ठेवली आहेत. फळ्यावरचा कोड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिला आहे.)

आजचा प्रश्न थोडक्यात असा. प्रोग्राम चालू असताना आपल्या हातात एक स्ट्रिंग येते. तिच्यात एका मेथडचं नाव लिहिलेलं असतं, आणि ती मेथड आपल्याला एका ऑब्जेक्टवर चालवायची असते. पायथनवाल्यांना यात अडचण काय आहे हेच कळणार नाही. ते म्हणतील, ‘गेट-ॲटर’ लिहा आणि मोकळे व्हा. पण जावा, सी-शार्प, गो, सी प्लस प्लस या भाषांत टाइप आधी ठरतात. कुठल्या ऑब्जेक्टची कुठली मेथड, हे कोड लिहितानाच सांगावं लागतं आणि कंपायलर ते तपासून घेतो. अशा भाषेत नुसत्या नावानं हाक मारायची कशी, ओ कोण देणार, आणि कुणीच ओ दिली नाही तर नुकसान कुणाचं, एवढं आज बघायचंय.

उदाहरण इथलंच घेतो. दिवाळीच्या आगेमागे धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार, गेवराई, सगळीकडून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. नेटवर ऐकणाऱ्यांसाठी मात्र चार वाक्यं सांगतो. टोळी मुकादमाच्या हाताखाली असते. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. हंगामाआधी मुकादम उचल देतो, म्हणजे आगाऊ रक्कम. मग जेवढे टन ऊस तोडला त्याची मजुरी त्या उचलीतून वळती होत जाते. शेवटी उचल फिटली नाही तर बाकी निघते, आणि ती बाकी पुढच्या हंगामाच्या डोक्यावर बसते. सगळ्यांचं काम एकसारखं नसतं. कुणी डोकी सेंटरला असतं, म्हणजे ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या आणि डोक्यावरून नेऊन ट्रकमध्ये भरायच्या. कुणाची स्वतःची बैलगाडी असते. कुणी टायरगाडीवर असतं. कामाच्या प्रकाराप्रमाणे हिशोब बदलतो.

समजा, हा हिशोब ठेवायला आपण जावात एक क्लास लिहिला. त्याचं नाव ‘हिशोब’. त्यात तीन मेथड्स: ‘डोकीसेंटर’, ‘बैलगाडी’, ‘टायरगाडी’. प्रत्येक मेथड टन घेते आणि मजुरी परत देते. टन डबल टाइपचे, कारण वजनात पॉइंट असतो. जावात नावं देवनागरीत चालतात, हा माझा विनोद नाही. भाषेच्या नियमांतच आहे ते, काना-मात्रा-वेलांटीसकट. त्यावर नंतर येतो, तिथं एक गंमत आहे.

साधी हाक अशी:

मजुरी = हिशोब.डोकीसेंटर(१२.५)

ही एक ओळ लिहिली की कंपायलर निदान तीन गोष्टी बघतो. या क्लासमध्ये या नावाची मेथड आहे का. तिला डबल चालतो का. आणि ती जे परत देते ते ‘मजुरी’ या चलात बसतं का. यातलं एक जरी चुकलं तरी प्रोग्राम तयारच होत नाही. चूक तुमच्या टेबलावर सापडते, फडावर नाही.

आता खरी नोंद कशी येते बघा. मुकादमाच्या वहीतून कुणीतरी एक्सेलमध्ये उतरवलेली ओळ: कोयता नंबर, तारीख, टन, कामाचा प्रकार. प्रकाराच्या रकान्यात ‘डोकीसेंटर’ असं लिहिलंय. ही स्ट्रिंग आहे. पहिल्या आवृत्तीत सगळे इफ-एल्स लिहितात: प्रकार हा असेल तर ही मेथड, तो असेल तर ती. तीन प्रकार आहेत तोवर ठीक. मग कपाती येतात, वाहतूक येते, मुकादमाचं कमिशन येतं, आणि इफची रांग दोन पानं होते. अशा वेळी वर्गातला एखादा हुशार मुलगा किंवा मुलगी म्हणते, सर, रकान्यातलं नाव आणि मेथडचं नाव एकच आहे. मग मधे ही रांग कशाला? थेट त्या नावाची मेथडच चालवू या की. आपला आजचा विषय इथून सुरू होतो, आणि मला हा प्रश्न आवडतो, कारण तो आळसातून आलेला असला तरी बरोबर जागी बोट ठेवतो.

पहिली गोष्ट, ते शक्य आहे का? हे भाषेनं कंपाइल झाल्यावर नाव शिल्लक ठेवलंय की नाही, त्यावर अवलंबून आहे. सी प्लस प्लसमध्ये तुम्ही ‘डोकीसेंटर’ लिहिता ते तुमच्यासाठी आणि कंपायलरसाठी. तयार प्रोग्राम चालताना त्याला नाव लागत नाही. पत्ता लागतो, किंवा व्हर्च्युअल मेथड असेल तर तक्त्यातला क्रमांक. घर सापडलं की नावाची पाटी काढून टाकली, असं समजा. मग चालू प्रोग्रामला ‘डोकीसेंटर कुठं राहतो’ विचारून उपयोग नाही.

जावात तसं नाही. जावाच्या क्लास फाइलमध्ये प्रत्येक मेथडचं नाव आणि तिच्या पॅरामीटर्सचे टाइप अक्षरांत लिहिलेले असतात. इतकंच नाही, तुम्ही लिहिलेली साधी हाकसुद्धा क्लास फाइलमध्ये नावानंच नोंदलेली असते आणि जावाचं यंत्र ती चालताना जोडून घेतं. म्हणजे नावं तिथं होतीच. १९९७ साली जावाची १.१ आवृत्ती आली, तिच्यात ही नावं आपल्याला वाचायची आणि वापरायची सोय मिळाली. तिचं नाव रिफ्लेक्शन. सी-शार्पमध्ये ती पहिल्यापासून आहे, गोमध्येही आहे.

दोन पायऱ्या असतात. आधी क्लासकडे मेथड मागायची:

मेथड = क्लास.गेटमेथड("डोकीसेंटर", डबल.क्लास)

मग ती चालवायची:

उत्तर = मेथड.इन्व्होक(हिशोब, १२.५)

पहिल्या ओळीत नावासोबत पॅरामीटरचा टाइपही द्यावा लागतोय, हे लक्षात आलं का? कारण जावात एकाच नावाच्या अनेक मेथड्स असू शकतात. ‘डोकीसेंटर’ एक टन घेणारी आणि दुसरी टन आणि अंतर घेणारी, दोन्ही असतील. नुसत्या नावानं माणूस ठरत नाही, आडनाव लागतं. आणि इथला शोध फार काटेकोर असतो. डबल दोन प्रकारचा असतो ना, छोट्या डी-चा साधा आणि मोठ्या डी-चा, ऑब्जेक्ट असलेला. साध्या कोडमध्ये कंपायलर एकाचा दुसरा करून घेतो, आपल्याला कळतही नाही. गेटमेथडला मात्र मोठ्या डी-चा दिला आणि मेथड छोट्या डी-ची असली, तर ती म्हणते अशी मेथडच नाही. समोर आहे, दिसतेय, तरी नाही. उलट इन्व्होक मोकळ्या मनाची आहे. तिला पूर्णांक १२ दिला तरी ती त्याचा डबल करून घेते. शोधताना कडक, चालवताना सैल. नव्या मुलांचा अर्धा दिवस यात जातो.

दुसऱ्या ओळीत ‘उत्तर’चा टाइप काय? ऑब्जेक्ट. म्हणजे काहीही. आपल्याला माहीत आहे की तो आकडा आहे, कंपायलरला माहीत नाही. आपण कास्ट करून त्याला सांगायचं, आणि आपण चुकलो तर ते चालताना कळणार. कंपायलर ज्या तीन गोष्टी बघत होता त्या तिन्ही आता आपल्या अंगावर आल्या. त्या न बघता सुटल्या तर त्यांची एक्सेप्शन्स होतात: नाव सापडलं नाही तर एक, मेथड प्रायव्हेट असून बाहेरून हाक मारली तर दुसरं, मेथडच्या आत काही फुटलं तर तिसरं. हे तिसरं जरा लबाड आहे. तुमच्या मेथडमधली खरी चूक ते स्वतःच्या पोटात गुंडाळून देतं. वरचा संदेश वाचलात तर ‘बोलावताना अडचण आली’ एवढंच कळतं. आत हात घालून मूळ कारण काढावं लागतं. लॉगमध्ये फक्त वरचं लिहिलेलं असलं की मग शोधत बसा.

आता नुकसान कुणाचं, यावर येऊ. हाच भाग मला नीट सांगायचाय.

समजा प्रोग्राम चालू लागला, चांगला चालला. पुढच्या वर्षी कुणीतरी कोड साफ करायला घेतला आणि ‘टायरगाडी’ या मेथडचं नाव बदलून ‘टायरबैलगाडी’ केलं. एडिटरनं इमानदारीनं जिथं जिथं साधी हाक होती तिथं तिथं नाव बदललं. कंपायलर खूश. पण एक्सेलमधल्या रकान्यात ‘टायरगाडी’च आहे, आणि एक्सेल काही एडिटरच्या हाताखाली नाही. प्रोग्राम तयार होतो, चालतो, पहिल्या शंभर ओळी डोकी सेंटरच्या असतात त्या नीट जातात, आणि एकशे एकाव्या ओळीला मेथड सापडत नाही.

इथं प्रोग्राम धाडकन पडला तर मी म्हणेन नशीब चांगलं. पण बहुतेक वेळा काय झालेलं असतं? हिशोब मधेच थांबू नये म्हणून कुणीतरी त्याभोवती ट्राय-कॅच लावलेला असतो, आणि कॅचमध्ये लिहिलेलं असतं: मजुरी शून्य धरा आणि पुढे चला. मग सगळं सुरळीत संपतं. छापील कागद निघतो. टायरगाडीवर काम केलेल्या प्रत्येक कोयत्याच्या नावापुढे त्या पंधरवड्याची मजुरी शून्य, आणि उचलीतून वळते झालेले पैसेही शून्य. हंगामाच्या शेवटी बाकी निघते. ती जोडी म्हणते आम्ही एवढं तोडलं, आणि समोरचा म्हणतो कम्प्युटरमध्ये असं नाही. कागदाशी भांडता येतं, माणूस जुन्या पावत्या काढून दाखवतो. कम्प्युटरशी भांडायची सवय अजून आपल्याकडे फार जणांना नाही. एका बदललेल्या नावापायी एका घराचा पुढचा हंगाम आधीच विकला जाऊ शकतो. मी हे काल्पनिक उदाहरण सांगतोय, पण यातली यांत्रिक साखळी पूर्ण खरी आहे, आणि पगार, शिष्यवृत्ती, पीकविमा, जिथं रकान्यातला शब्द थेट मेथडपर्यंत जातो तिथं ती जशीच्या तशी लागू होते.

हाच आजार वेगळ्या रूपात जेयुनिटमध्ये होता. जेयुनिट म्हणजे जावात चाचण्या चालवायचं साधन. त्याच्या तिसऱ्या आवृत्तीपर्यंत नियम होता की ज्या मेथडचं नाव ‘टेस्ट’नं सुरू होतं ती चाचणी. साधन नावं वाचून एकेक चालवायचं. कुणी घाईत स्पेलिंगमधली दोन अक्षरं उलटी लिहिली की ती मेथड चाचणी राहायचीच नाही. चूक नाही, इशारा नाही. ती फक्त कधीच चालायची नाही, आणि निकाल हिरवा. २००६ साली चौथी आवृत्ती आली तेव्हा हे बदलून मेथडच्या डोक्यावर ॲनोटेशनची खूण लावायची पद्धत आली. खुणेचं स्पेलिंग चुकलं तर कंपायलर ओरडतो. म्हणजे नावानं हाक मारणं तसंच राहिलं, पण ओळख पटवायचं काम पुन्हा कंपायलरच्या हातात दिलं. ही युक्ती लक्षात ठेवा.

अँड्रॉइडवाल्यांचा अनुभव आणखी निराळा. ॲप बाजारात देताना ते बारीक करायला एक साधन मेथडची नावं बदलून एकाक्षरी करून टाकतं, आणि जी मेथड कुणी बोलावत नाही असं दिसतं ती काढूनच टाकतं. स्ट्रिंगमधून मारलेली हाक त्याला दिसत नाही. मग तुमच्या टेबलावर ॲप चालतं आणि लोकांच्या फोनवर पडतं. त्यासाठी ‘ही नावं राखा’ अशी यादी वेगळी लिहून द्यावी लागते. गोमध्ये याच अडचणीकडे दुसऱ्या बाजूनं बघतात: नाव चालतानाच कळणार असेल, तर लिंकर म्हणतो कुठलं येईल सांगता येत नाही, म्हणून बाहेरून दिसणाऱ्या मेथड्स मी काढत नाही. प्रोग्राम फुगतो, पण पडत नाही. मला विचाराल तर गोचा स्वभाव बरा.

नाव सापडलं नाही तर काय, हे झालं. नको ते नाव सापडलं तर?

आपल्या ‘हिशोब’ क्लासमध्ये कारकुनासाठी एक मेथड आहे समजा: ‘उचलमाफ’. तीही डबल घेते, रक्कम. तीही पब्लिक आहे. आता ज्याच्या हातात एक्सेल आहे त्यानं कामाच्या प्रकाराच्या रकान्यात ‘उचलमाफ’ लिहिलं आणि टनाच्या रकान्यात वीस हजार. आपला प्रोग्राम निमूटपणे ती मेथड शोधेल आणि चालवेल. त्याला काय माहीत हे ऊसतोडीचं काम नाही? किंवा उलटं, ‘उचलवाढ’ लिहिलं तर? तुम्ही दार तीन मेथड्ससाठी उघडलं होतं, पण रिफ्लेक्शननं क्लासची सगळी दारं उघडली. वारशानं आलेलीसुद्धा. जावातल्या प्रत्येक ऑब्जेक्टला ‘हॅशकोड’ नावाची मेथड असते, ती एक आकडा देते. पॅरामीटर न मागणारी मेथड शोधत असाल आणि रकान्यात कुणी हे नाव टाकलं, तर तो आकडा मजुरी म्हणून छापला जाईल. हसताय, पण छापला जाईल.

मोठ्या जगात हे घडलेलं आहे. जावात वेबसाइट लिहायला स्ट्रट्स नावाची चौकट फार वापरात होती. तिच्यात अशी सोय होती की वेबपत्त्यातच मेथडचं नाव लिहायचं आणि सर्व्हरनं ती चालवायची. २०१६ साली उघड झालं, की ही सोय चालू ठेवलेल्या सर्व्हरवर बाहेरचा कुणीही त्या नावाच्या जागी आख्खं सूत्र घुसवून सर्व्हरकडून हवं ते करवून घेऊ शकतो. पुढच्या वर्षी त्याच चौकटीत दुसरं भोक सापडलं. तिथंही बाहेरून आलेला मजकूर सूत्र समजून चालवला जात होता, आणि ते सूत्र नावावरून मेथड शोधणारंच होतं. त्या भोकातून अमेरिकेत इक्विफॅक्स या पतमाहिती ठेवणाऱ्या कंपनीत घुसखोरी झाली. सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची खासगी माहिती गेली. यात दोष एकट्या रिफ्लेक्शनचा नव्हता. पण परक्यानं दिलेली स्ट्रिंग मेथडपर्यंत पोचायला मधे कुणी पहारेकरी नसणं, हे दोन्हीकडे होतं.

मग काय करायचं? माझं मत स्पष्ट आहे. ज्या मेथड्स बोलावायच्या त्या आपल्याच असतील, कोड लिहिताना माहीत असतील, तर रिफ्लेक्शन लागतच नाही. एक तक्ता करायचा. डाव्या बाजूला बाहेरून येणारा शब्द, उजव्या बाजूला आपली मेथड. जावात २०१४च्या आठव्या आवृत्तीपासून मेथडचा संदर्भ सरळ देता येतो, दोन कोलन लिहून:

तक्ता.पुट("डोकीसेंटर", हिशोब::डोकीसेंटर)
तक्ता.पुट("बैलगाडी", हिशोब::बैलगाडी)
तक्ता.पुट("टायरगाडी", हिशोब::टायरबैलगाडी)

तिसरी ओळ बघा. मेथडचं नाव बदललं, बाहेरचा शब्द तसाच राहिला, काही मोडलं नाही. उजवी बाजू स्ट्रिंग नाही, खरी मेथड आहे. नाव बदललं की एडिटर तिथंही बदलतो, टाइप जुळला नाही तर कंपायलर अडवतो. आणि ‘उचलमाफ’ तक्त्यात नाही म्हणजे ती बोलावलीच जाऊ शकत नाही. सी प्लस प्लसमध्येसुद्धा हेच करतात. तिथं भाषा नाव जपत नाही, म्हणून आपण जपायचं.

तक्त्याबरोबर एक सवय लावून घ्या. मजुरी मोजायला सुरुवात करण्याआधी फाइलमधले सगळे वेगळे प्रकार गोळा करा आणि प्रत्येक तक्त्यात आहे का बघा. एकही नसेल तर तिथंच थांबा आणि कुठली ओळ, कुठला शब्द ते दाखवा. पैसे मोजायला लागल्यावर अर्ध्यात कळण्यापेक्षा एक रुपया मोजायच्या आधी कळलेलं बरं. आणि न सापडलेल्या शब्दाला शून्य कधीच धरू नका. शून्य हा आकडा आहे, आणि वाचणाऱ्याला तो खरा वाटतो.

मग रिफ्लेक्शन कुणासाठी? जे लोक तुमचा क्लास जन्मायच्या आधी कोड लिहून बसलेत त्यांच्यासाठी. जेयुनिट लिहिणाऱ्याला तुमच्या चाचण्यांची नावं माहीत असणं शक्य नाही. जेसनमधून ऑब्जेक्ट बनवणाऱ्या लायब्ररीला तुमच्या ‘कोयता’ क्लासमध्ये कुठली फील्ड्स आहेत हे चालतानाच बघावं लागतं. स्प्रिंग, हायबरनेट, सगळे याच जातीचे. त्यांना तक्ता करता येत नाही. तुम्हाला येतो. तुम्ही रोज रिफ्लेक्शन वापरता ते यांच्या हातून, आणि तेवढं पुरे आहे.

आता ती देवनागरीची गंमत. ही मराठीत नावं देणाऱ्यालाच भेटते, इंग्रजी पुस्तकात सापडायची नाही.

एक मेथड घेऊ: ‘तोडणाऱ्याचीमजुरी’. यातला ‘ऱ्या’ बघा. हा संगणकात तीन तऱ्हांनी लिहिता येतो. एक, युनिकोडमधलं स्वतंत्र नुक्तावालं ‘ऱ’ हे अक्षर, मग हलन्त, मग ‘या’. दोन, साधा ‘र’, त्याला वेगळा नुक्ता, मग हलन्त. तीन, साधा ‘र’, हलन्त, आणि मधे एक अदृश्य जोडअक्षर, ज्याला झिरो विड्थ जॉइनर म्हणतात. जुन्या टायपिंगमध्ये हे फार दिसतं. पडद्यावर तिन्ही सारखे दिसतात. मेमरीत तिन्ही वेगळे. तुम्ही कोड एका कीबोर्डवर लिहिला, कारकुनानं एक्सेल दुसऱ्या कीबोर्डवर भरलं, आणि गेटमेथड म्हणते अशी मेथड नाही. तुम्ही दोन्ही शब्द शेजारी ठेवून बघता, भिंग लावून बघता, एकच आहेत.

यातली तिसरी तऱ्हा तर आणखी मजेची. जावाच्या नियमांप्रमाणे कोडमधल्या नावात असली अदृश्य अक्षरं आली तर नावांची तुलना करताना ती धरत नाहीत. स्ट्रिंगची तुलना करताना मात्र धरतात. म्हणजे कोडमध्ये जॉइनर असला-नसला तरी कंपायलरला चालतं, आणि तेच नाव स्ट्रिंगमधून आलं की चालत नाही. एकाच भाषेत नावाचे दोन कायदे. उपाय असा की बाहेरून आलेला शब्द आधी एका रूपात आणायचा. जावात त्यासाठी नॉर्मलायझर आहे. तो पहिल्या दोन तऱ्हा एक करतो. तिसरीतला जॉइनर तो काढत नाही, तो आपण तक्त्यात बघायच्या आधी बदलून घ्यायचा. ‘हिशोब’ आणि ‘हिशेब’ एकच आहेत हे मात्र कुठलाच नॉर्मलायझर सांगणार नाही, त्यासाठी तक्त्यात दोन ओळी लागतील.

शेवटी आलेल्या प्रश्नांपैकी तीन घेतो.

प्रश्न: मग नावं मराठीत ठेवूच नयेत का?

ठेवा की. जावात, सी-शार्पमध्ये अडचण नाही. गोमध्ये मात्र जमणार नाही. तिथं नावात फक्त अक्षरं आणि अंक चालतात, जोडचिन्हं नाहीत, आणि काना-मात्रा जोडचिन्हांत मोडतात. गोच्या अधिकृत प्रश्नोत्तरांत हे देवनागरीचं नाव घेऊनच मान्य केलंय. शिवाय गोमध्ये मेथड बाहेरून दिसायला पहिलं अक्षर कॅपिटल लागतं. आपल्या लिपीत कॅपिटल कुठून आणायचं? माझी पद्धत विचाराल तर बाहेरचा शब्द मराठीत, कारण तो मुकादम आणि कारकून वाचणार. आतली मेथड टीमला सोयीची वाटेल त्या लिपीत. तक्ता असला की दोघांना एकमेकांसारखं दिसायची सक्ती राहत नाही.

प्रश्न: रिफ्लेक्शन हळू चालतं म्हणतात, ते कितपत खरं?

खरं होतं, आता तितकं नाही. २०२२च्या अठराव्या आवृत्तीत जावानं रिफ्लेक्शनची आतली यंत्रणा मेथड हँडल नावाच्या नव्या पायावर बांधली. तरी साध्या हाकेइतकी ती वेगवान धरू नका. मेथड एकदाच शोधून ठेवा, प्रत्येक ओळीला नव्यानं शोधू नका; खरा वेळ शोधण्यात जातो. पण टोळीच्या हिशोबात काही हजार ओळी असतील. तिथं वेगाची काळजी करणं म्हणजे गाडीभर उसात दोन कांड्यांचं वजन बघणं.

प्रश्न: कामाचा नवा प्रकार आला की दरवेळी कोड बदलायचा, तक्त्यात ओळ टाकायची? मग रिफ्लेक्शनचा फायदाच गेला की.

चांगला प्रश्न. आधी हे बघा की नव्या प्रकारात नवीन काय आहे. डोकी सेंटर, बैलगाडी, टायरगाडी, या तीन मेथड्स उघडून बघितल्या तर बहुधा आत एकच गुणाकार निघेल: टन गुणिले दर. फरक फक्त दराचा. तसं असेल तर या तीन मेथड्स नाहीतच, एक मेथड आहे आणि दरांची यादी आहे. दर करारानं बदलतात, ती यादी फाइलमध्ये ठेवा. करार झाला की कारकून आकडा बदलेल, कोडला हात लागणार नाही. नावानं मेथड बोलावायची गरज ज्यांना वाटते त्यातल्या कितीतरी जणांना खरं तर एवढंच हवं असतं.

सूत्रच वेगळं असेल, म्हणजे अंतराप्रमाणे टप्पे आले किंवा हार्वेस्टरनं तोडलेल्या उसाची वजावट आली, तर मात्र मेथड नवी लिहावीच लागेल, ती काही आपोआप उगवणार नाही. मेथड लिहायला कोड उघडलाच आहे, तर खाली तक्त्यात एक ओळ लिहायला अर्धं मिनिट लागतं. ती ओळ माणसानं लिहावी आणि दुसऱ्या माणसानं वाचावी, कारण त्या क्षणी कुणीतरी ठरवतंय की बाहेरच्या शब्दाला आतली ही मेथड चालवायची परवानगी आहे.